दगडू मिस्तरीचे साडेतीन किलो

अर्जात एक रकाना आहे, 'विमान तयार करणाऱ्याची माहिती'. खाली दोन ओळींची जागा. मिस्तरींची लेक सुजाता परतूरला शाळेत शिकवते. तिनं अर्ज आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, काका, एवढं तुम्हीच लिहा, तुम्ही संगं होता. मी लिहिलं, 'दगडू मिस्तरी, वाटूर फाटा, मोटार रिवायंडिंग आणि वेल्डिंग, वय बासष्ट, मयत.' दोन ओळी भरल्या. मी चौथी शिकलेला सुतार, माझं अक्षर ढेकळाएवढं, त्याला जागा लागते. पण अक्षर बारीक असतं तरी तो माणूस दोन ओळींत बसला नसता. राहिलेलं इथं लिहितो.

मिस्तरींच्या हातात काहीही आलं की ते आधी त्याचं वजन करायचे. दुकानात बॅटरीवर चालणारा, शंभर किलोपर्यंत तोलणारा काटा होता. नट, बोल्ट, पाइपाचा तुकडा, गिऱ्हाइकानं आणलेला पेरू, सगळं त्या काट्यावर. कोणी लग्नपत्रिका दिली तर तीसुद्धा. 'चाळीस ग्रॅम. पोरीच्या बापावर लई वजन पडलंय,' असं म्हणून मंग ती उघडायचे. विमानाच्या प्रत्येक भागाचं वजन खडूनं दुकानाच्या शटरवर लिहिलेलं. सकाळी शटर वर सारलं की अख्खं विमान गुंडाळून वर जायचं, संध्याकाळी ओढलं की खाली यायचं. घासून पुसट झालं की पुन्हा गिरवायचे.

आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं यांचं नाव दगडू ठेवलं, मरणाला उचलायला जड जावं म्हणून. आणि या दगडूला आयुष्यभर ध्यास हलकेपणाचा. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यात वीस वर्षं काढली. उजव्या हाताची मधली दोन बोटं तिथंच पेरापासून तुटली. नोकरी सोडून फाट्यावर दुकान टाकलं, बोअरच्या मोटारी भरायला लागले. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "दादा, वीस वर्सं म्या लोखंड उचललं. आता लोखंडानं मला उचलायचं."

मला वाटलं लिफ्ट बसवायची असंल कुठं.

त्यांना विमान करायचं होतं. एका माणसाचं, घरी बनणारं, जुन्या मोटारसायकलीच्या किमतीत होईल असं. ॲल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, भंगारातलं मोटारसायकलीचं इंजिन, तंबूच्या कापडाचे पंख, लुनाची चाकं. शिकले मोबाइलवर बघून. व्हिडिओतली माणसं इंग्रजी बोलायची, म्हणून हे आवाज बंद करून बघायचे. म्हणायचे, कळत न्हाई ते बरंच हाय, तोंड खोटं बोलतं, हात खोटं बोलत न्हाईत. एक गाठ कशी मारली ते पाहायला एकच व्हिडिओ शंभरदा मागं घ्यायचे.

मी इथं मिस्तरींना अहो-जाहो करतोय. तेव्हा करत नव्हतो. माझ्या बापानं त्यांच्या बापाला कधी ओट्यावर चढू दिलं नाही. नांगर झाला की अंगणात टाकून द्यायचा, तिथून त्यांनी उचलायचा. मी मिस्तरींना ओट्यावर बसवायचो, सरूच्या हातचा चहा घरातल्या कपात द्यायचो, एवढ्यावर मला वाटायचं मी लई सुधारलो. सरू म्हणजे माझी बायको. तोंडात मात्र अरे-तुरे. ते मला 'दादा, तुम्ही'. माझं वय चार वर्षांनी जास्त, असं कारण मी मनाशी धरलं होतं. खरं कारण मला माहीत होतं.

त्यांना माझ्याकडून पुढचा पंखा पाहिजे होता, लाकडाचा, दोन पात्यांचा, इंजिनावर फिरणारा. मी म्हणालो, हे काम माझ्यावर सोड. जुनी वाळलेली बाभूळ काढली. गाडीची चाकं, नांगर, वखर, सगळं आयुष्य बाभळीत गेलं माझं. आठ दिवस तासला, घोटला, तेल पाजलं. छाती काढून घेऊन गेलो. मिस्तरींनी काट्यावर ठेवला, आकडा बघितला, पंख्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "दादा, नांगर झकास झालाय."

मी चिडून दोन दिवस तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी तेच आले, खांद्यावर शिवणीच्या फळ्या घेऊन. शिवण हलकी, ढोलकीचं लाकूड. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून मी दुसरा पंखा केला. तो मधोमध खिळ्यावर टांगला की जी बाजू जड ती खाली जायची. मंग तिथला रंध्याचा एक काप काढायचा, पुन्हा टांगायचा. एका पात्यावर माशी बसली तरी झुकायचा. अडीच महिने आम्ही दोघं त्या पंख्यापुढं बसून होतो. मी म्हणायचो, आता बस झालं. ते म्हणायचे, माशी बसू द्या.

फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना करमणूक झाली. आमच्या गावचे आबा, मोठे जमीनदार, सोयाबीनचं गोदाम भरलेलं, रोज सकाळी तिथं चहाला बसायचे. एक दिवस म्हणाले, "दगडू, सारखं हलकं हलकं काय करून राह्यलास? हलक्याला हलकंच सुचतं."

हॉटेलात कोणी हसलं नाही. आबा काय बोलले ते सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे आपापल्या कपात बघत होते. त्यात मीपण होतो.

मिस्तरींनी कप खाली ठेवला. "बराबर बोलले, आबा. हलकं हाय म्हणूनच वर जाणार. जड हाय ते जाग्यावरच राह्यतं."

आबा दोन मिनिटं मिशी चोळत राहिले. मंग त्यांनी पैज लावली. पंख किती वजन धरतो ते माझ्या पोत्यांनी बघ म्हणाले. मोडला तर सगळं भंगारात घालायचं. नाही मोडला तर गावाबाहेरचा माझा माळ तुला, एका सकाळपुरता. मिस्तरींना विमान पळवायला सरळ सपाट जागा पाहिजे होती आणि पंचक्रोशीत तेवढी एकच होती. आबांना ते माहीत होतं.

उडताना हवा पंखाला खालून वर ढकलते. म्हणून तपासताना पंख पालथे घालायचे आणि वरून वजन ठेवायचं, म्हणजे तोच जोर. मिस्तरींनी पंखांचे नुसते सांगाडे पालथे बांधले, मधे लोखंडी घोडी. एकेका पंखावर पाच पोती सोयाबीन चढवायची होती. अर्धा गाव जमला. तीन पोती झाली, काही नाही. चौथ्याला टोक वाकायला लागलं आणि पाइपातून करकर आवाज आला. पाचवं पोतं उचलायला हमाल तयार होईना. तेव्हा मिस्तरी हातात पट्टी घेऊन पंखाखाली सरपटत गेले आणि उताणे झोपले.

"ठेवा. मोडला तर माझ्यावर मोडंल."

मी आणि आबांचा हमाल, आम्ही दोघांनी ते पोतं ठेवलं. तेवढं जड पोतं मी आयुष्यात उचललं नाही. खालून मिस्तरींचा आवाज येत होता, तीन बोटं वाकलं, चार बोटं वाकलं, थांबलं. शेवटी म्हणाले, उतरवा. पोती उतरली तसा पंख सरळ झाला. आबांनी पोती ट्रॉलीत भरून घेतली. जाताना एवढंच बोलले, पावसाच्या आत सांग, माळावर नांगर घालायचाय मला.

आता सरूचं. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून हा कागद चार दिवस तसाच ठेवला होता.

पंखाच्या पट्ट्यांवर कापड ताणून ते शिवावं लागतं, वरून खाली, आरपार, दर टाक्याला गाठ. नाहीतर हवेनं कापड सुटतं. हे काम कोणाला सांगावं याचा मिस्तरींना घोर पडला होता. त्यांनी आमच्या दोरीवर वाळत घातलेली गोधडी बघितली. उलटी केली, सुलटी केली, एक टाका ओढून बघितला. तुटेना. मंग आत आवाज दिला, वैनी, इमानाची गोधडी शिवता का.

सरूनं हो म्हणायच्या आधी कापड बघायला मागितलं.

सव्वा महिना दुकानात पंख आडवा टाकून काम चाललं. ती वरून सुई घालायची, मिस्तरी खालून परत करायचे. दर दोन बोटांवर टाका. बोटं तिचीच धरायची असं ठरलं होतं, कारण मिस्तरींची आखूड. मी रंधा मारत ऐकत बसायचो. एकदा तिनं विचारलं, "भाऊ, वर गेल्यावर काय दिसंल हो?"

खालून उत्तर आलं, "आपलं घर रुमालाएवढं दिसंल, वैनी."

"मंग माझ्या पत्र्याला कुठं भोक हाय तेवढं बघून सांगा. ह्यांना तीन वर्सं झाली, सापडून न्हाई राह्यलं."

मिस्तरी पंखाखाली इतके हसले की सुई हातातून पडली.

टाके झाल्यावर टाक्यांच्या प्रत्येक ओळीवरून कापडाची एकपदरी पट्टी चिकटवायची आणि वरून रंगाचे दोन हात द्यायचे, एवढंच राहिलं. मिस्तरी समजावून सांगून पंख ताणून धरायच्या तारा आणायला जालन्याला गेले, तीन दिवस. सरूला ती एकपदरी पट्टी बघवेना. गोधडीची कड चौपदरी असते, नाहीतर दोन पावसाळ्यांत फाटते, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. आणि गोधडीत नवं कापड घालत नाहीत, अंगावरून गेलेलं घालतात. तिनं पेटीतून स्वतःची जुनी पातळं काढली, फाडली, चार-चार पदर घालून पट्ट्या शिवल्या आणि लावल्या. रंग मी दिला. माझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं. मला ते बराबरच वाटलं. सुताराला काय आणि गोधडीवालीला काय, जाड म्हणजे पक्कं. ढोलकीच्या लाकडाचा धडा मी तोवर विसरलो होतो.

मिस्तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. पंख बघून खूश झाले. उद्या तोलू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे सरू चुलीपुढं बसल्या बसल्या छातीत कळ येते म्हणाली. गाडी फाट्यावर येईपर्यंत संपली होती.

तेराव्यानंतर मी दुकानात गेलो. घरात थांबवत नव्हतं. मिस्तरींनी पंख तोलले होते. मी विचारलं, किती. "बराबर हाय," म्हणाले. मी शटरकडं बघितलं. पंखापुढची जागा कोरी होती. तो माणूस माझ्याशी त्या एकदाच खोटं बोलला, आणि तेही त्याला जमलं नाही. मी स्वतः पंख काट्यावर चढवले. ठरल्यापेक्षा साडेतीन किलो जास्त. त्या बारक्या इंजिनाला साडेतीन किलो म्हणजे उठणं आणि न उठणं.

मी ब्लेडचं पातं घेतलं आणि पंखाजवळ गेलो. म्हणालो, उसवून काढतो, एकपदरी लावू, मेलेल्या माणसासाठी जित्याचं काम अडवायचं नाही.

मिस्तरींनी माझं मनगट धरलं. "उसवायला एक दिवस लागंल, दादा. असा टाका परत घालायला कोण येणार हाय? ऱ्हाऊ द्या. साडेतीन किलो म्या काढतो."

"कुठून काढतोस?"

ते काट्याचं मोठं ताट लावून त्यावर उभे राहिले. मंग शटरवर खडूनं लिहिलं, 'दगडू — ६४'. आणि खाली, 'पाहिजे — ६०॥', म्हणजे साडेसाठ.

आधीच तो माणूस म्हणजे वाळलेली तुरीची काडी. त्या दिवसापासून रात्रीची भाकर बंद. चहातली साखर बंद. सुजातानं मला फोनवर झापलं, काका, तुम्ही सांगा त्यांना. मी काय सांगणार? मी उलटा, माझं जेवण सुटलं होतं. भाकर थापता येत नव्हती, येत होती तेव्हा खावी वाटत नव्हती. हे मिस्तरींना कळलं. मंग रोज दिवस बुडताना ते माझ्या घरी यायचे, पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसायचे आणि माझं ताट संपेपर्यंत उठायचे नाहीत. उपाशी माणूस मला जेवू घालत होता. एकदा मी ताट सारलं तर म्हणाले, "इंजिनावर एकाच माणसाचा हिशोब बसतोय. कमी म्या व्हायचंय, तुम्ही न्हाई."

असे तीन महिने गेले असतील. एका संध्याकाळी माझी भाकर पहिल्यांदा गोल झाली, फुगली. मी अर्धी मोडून त्यांच्यापुढं धरली आणि म्हणालो, मिस्तरी, तुम्ही पण घ्या.

ते भाकरीकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते. एवढी वर्षं एका गावात काढल्यावर मी त्यांना तुम्ही म्हणालो होतो. माझं मलाही ऐकू आलं.

"तुम्ही म्हणले म्हणून एक घास," ते म्हणाले. "पण पन्नास ग्रॅमच."

उन्हाळा संपत आला तेव्हा ते साठवर आले. अर्धा किलो जास्तीच कमी. त्याच आठवड्यात पोलीस ठाण्याचे जमादार आले. कोणीतरी कळवलं होतं. माणूस वाईट नव्हता, विमानाभोवती तीनदा फिरला, दांडी हलवून बघितली. मंग म्हणाला, परवानगी नसताना उडवता येत नाही, पळवायचं तर पळवा, उडवायचं नाही. मिस्तरी म्हणाले, साहेब, खड्ड्यातून गेली की बैलगाडीपण उडते. जमादार हसू दाबत म्हणाला, बैलगाडीएवढं चालंल. मिस्तरींनी त्यांना शब्द दिला, परवानगी येईपर्यंत हातभराच्या वर जाणार न्हाई.

तो शब्द त्यांनी पाळला. नंतर परवानगीसाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा काही ना काही कागद कमी म्हणून परत आला. तिसऱ्याची तयारी चालू असताना ताप भरला, आठ दिवसांत गेले. मी खांदा दिला. माझ्या भावकीतले दोघं-तिघं त्यावर बोलले, त्यांना मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. विमान दुकानात आहे, मी दर आठवड्याला चाकं फिरवतो, पंख पुसतो. सुजाता उडवायला शिकवणाऱ्या माणसाच्या शोधात आहे. तिचं वजन पंचावन्न आहे, मी तोललंय. हा तिसरा अर्ज आम्ही देणार. परत आला तर चौथा देऊ.

अर्जात आणखी एक रकाना आहे, 'आतापर्यंत गाठलेली उंची'. तो भरायला मला माळावरच्या त्या सकाळपाशी जावं लागतं.

दिवस उगवायच्या बेताला वारा बिलकुल पडलेला होता. माळाच्या पलीकडच्या बाजूला आबा उभे होते, हात मागं बांधून. जागा त्यांची, त्यांना येऊ नका कोण म्हणणार? माझं काम ठरलं होतं. अलीकडच्या बाजूला मी पालथं झोपायचं, गाल जमिनीला लावून, आणि चाकं सुटतात का ते बघायचं. उभ्या माणसाला ते दिसत नाही. आत बसलेल्याला तर कळतच नाही, एवढा धडधडाट असतो.

पहिल्या फेरीला चाकं भुईला चिकटलेली. दुसऱ्या फेरीला धूळ तेवढी जास्त उडाली. मिस्तरी खाली उतरले. टाकीतलं अर्धं पेट्रोल काढलं. पायातल्या चपला काढल्या, घड्याळ काढलं, शर्ट काढून माझ्याकडं फेकला. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर पुन्हा चढून बसले. पंखांकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी बघितलं. रंगाखालून सरूच्या पातळांचे काठ कुठं कुठं दिसत होते.

मी पुन्हा गाल भुईला लावला. खडे टोचत होते. इंजिन ओरडत आलं, माझ्यासमोर आलं, चाकं आणि जमीन एकच काळी रेघ. मंग त्या रेघेत उजेड शिरला. आधी सुताएवढा. मंग रुंद झाला. आणि चाकांच्या खालून मला पलीकडचे आबांचे जोडे दिसले, दोन्ही, घोट्यापर्यंत.

तीस-चाळीस पावलं गेलं असंल तसंच. मंग टेकलं, दोनदा उसळलं, माळाच्या टोकाला जाऊन थांबलं. इंजिन बंद झालं तेव्हा आबांच्या खोकल्याचा आवाज इकडं ऐकू आला. मी उठलो आणि पळत गेलो, या वयात.

मिस्तरी उतरून चाकाला हात लावून उभे होते. "दिसलं का?"

"आबांचे जोडे दिसले."

ते हसले नाहीत. "किती?"

मी वीत धरून दाखवली, आणि वर बोटं. "एक वीत, दोन बोटं."

"बोटं कोणाची धरली? माझी आखूड हायेत."

"सरूची," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, बराबर आहे अशी. मंग आकडा लिहायला खडू काढायला छातीकडं हात नेला. तिथं खिसा नव्हता. साठ किलोचा तो माणूस उघड्या माळावर बनियनवर उभा राहून खिसा चाचपत होता. मी त्यांचा शर्ट पुढं केला.